अगाहोझो-शालोम: रवांडातल्या मुलांच्या गावाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर रविवारी मी एका बालगृहात आठवी-नववीच्या मुलांना गणित शिकवायला जाते. एकदा तिथं आफ्रिकेचा विषय निघाला आणि मी त्यांना रवांडातल्या अगाहोझो-शालोम या गावाची गोष्ट सांगितली. मुलांनी एवढे प्रश्न विचारले की घरी येऊन मला पुन्हा वाचायला बसावं लागलं. मग मी त्यावर लिहीत गेले, बोलत गेले, आणि आता मोठ्यांकडूनही प्रश्न येतात: शिक्षकांकडून, समाजकार्याच्या विद्यार्थ्यांकडून, कुठंतरी देणगी द्यावी अशा विचारात असलेल्यांकडून. सारखे येणारे प्रश्न इथं एकत्र केले आहेत. तेच ते पुन्हा सांगावं लागू नये म्हणून जागोजागी दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. हे नेमकं आहे काय? अनाथाश्रम, वसतिगृह की शाळा?

हे पूर्व रवांडातलं निवासी गाव आहे. आईवडील गमावलेली किंवा घरची परिस्थिती अगदी बिकट असलेली किशोरवयीन मुलं-मुली इथं चार वर्षं राहतात, माध्यमिक शिक्षण पूर्ण करतात आणि बाहेर पडतात. एका वेळी साधारण पाचशे मुलं असतात. शाळा आहे, शेत आहे, सगळ्यांचं मिळून एक मोठं जेवणघर आहे, मैदानं आहेत. पण गावाचा कणा म्हणजे तिथली बत्तीस घरं आणि प्रत्येक घरात असलेली आई. आपल्याकडे मुलाला संस्थेत ‘ठेवलं’ असं सहज म्हटलं जातं. इथं आलेलं मूल पहिल्या दिवसापासून एका घराचं असतं. त्या घराबद्दल प्रश्न ६ मध्ये सविस्तर लिहिलं आहे.

२. नावाचा अर्थ काय?

‘अगाहोझो’ हा किन्यारवांडा भाषेतला शब्द. जिथं आसवं पुसली जातात ती जागा, असा अर्थ गाव सांगतं. ‘शालोम’ म्हणजे हिब्रूत शांती. एक शब्द रवांडाचा आणि एक इस्रायलचा का, ते प्रश्न ४ मध्ये.

३. गाव आहे कुठं? तिकडचा भाग कसा आहे?

राजधानी किगालीच्या पूर्वेला रवामागाना जिल्ह्यात, रुबोना इथं, १४४ एकर डोंगराळ जमिनीवर. रवांडा हा देश आपल्या पुणे आणि अहिल्यानगर या दोन जिल्ह्यांच्या बेरजेहूनही लहान आहे आणि लोकसंख्या सव्वा कोटीच्या पुढं. विषुववृत्ताच्या अगदी जवळ असूनही उकाडा नसतो, कारण सगळा देश उंचावर आहे. लाल माती, केळीच्या बागा, उतारावर काढलेल्या लहान लहान पट्ट्या. कोकणातून गेलेल्या माणसाला मातीचा रंग ओळखीचा वाटेल. पावसाळे मात्र वर्षातून दोन. आपलं घड्याळ त्यांच्यापेक्षा साडेतीन तास पुढं असतं.

४. कोणी सुरू केलं आणि का?

ॲन हेमन यांनी. जन्म दक्षिण आफ्रिकेत, नंतर अमेरिकेत वकिली. २००५ मध्ये रवांडातल्या वंशसंहारावरच्या एका व्याख्यानाला त्या गेल्या होत्या. तिथं त्यांना कळलं की देशात सुमारे बारा लाख अनाथ मुलं आहेत आणि त्यांच्यासाठी कसलीच मोठी व्यवस्था नाही.

१९९४ मध्ये एप्रिल ते जुलै या शंभर दिवसांत रवांडात आठ ते दहा लाख माणसं मारली गेली. मारले गेलेले बहुसंख्य तुत्सी या अल्पसंख्य जमातीचे होते, मारणारे मुख्यतः बहुसंख्य हुतू जमातीतले. मारणारे पुष्कळदा शेजारचेच होते. वाचलेल्या मुलांपैकी कित्येकांवर धाकट्या भावंडांना वाढवायची वेळ आली.

हेमन यांना इस्रायलचा अनुभव आठवला. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपातून आलेल्या पोरक्या ज्यू मुलांना तिथं मुलांच्या गावांत वाढवलं होतं. हैफाजवळ कार्मेल डोंगरावरचं येमिन ओर्दे हे १९५३ मध्ये सुरू झालेलं असंच एक गाव. नंतरच्या काळात तिथं इथिओपियातून आलेली मुलंही वाढली. हा नमुना समोर ठेवून अगाहोझो-शालोम उभं राहिलं आणि डिसेंबर २००८ मध्ये १२५ मुलांची पहिली तुकडी आली. हेमन ३१ जानेवारी २०१४ रोजी अमेरिकेत घोड्यावरून पडून गेल्या. वय अवघं ५२. गाव पुढं चालू राहिलं, आणि ते एका व्यक्तीवर टेकलेलं नव्हतं हे त्यातून दिसलं, असं मला वाटतं.

५. १९९४ ला तीस वर्षं होऊन गेली. आता अनाथ मुलं कुठून येतात? आणि निवड कशी होते?

हा प्रश्न अगदी योग्य आहे. पहिल्या तुकड्यांतली बहुतेक मुलं वंशसंहारात पोरकी झालेली होती. आज दाखल होणारी मुलं त्यानंतर जन्मलेली आहेत. कुणाचे आईवडील एड्सनं गेले, कुणाला घरात जबर मारहाण सोसावी लागली, कुणाची शाळा गरिबीनं सुटली. काहींच्या घरी १९९४ चं सावट अजून आहे, कारण त्यांना वाढवणारी माणसंच तेव्हाची अनाथ मुलं होती. दुःख एका पिढीवर थांबत नाही, हे इथल्या कामात रोज समोर येतं.

रवांडाच्या तीसही जिल्ह्यांतून मुलं घेतली जातात, आणि ज्याची गरज सगळ्यांत जास्त त्याला आधी. नववी झाल्यावर, म्हणजे साधारण पंधराव्या-सोळाव्या वर्षी प्रवेश मिळतो. मधेच शाळा सुटलेली असेल तर मूल थोडं मोठंही असतं.

एक खुलासा इथंच करते, कारण त्यावरून फार गोंधळ होतो. युनिसेफच्या व्याख्येत आई किंवा वडील यांपैकी एक जरी गेलं तरी मूल अनाथ मोजलं जातं. या हिशेबानं २०१५ मध्ये जगात सुमारे १४ कोटी अनाथ मुलं होती, पण दोन्ही पालक गमावलेली त्यात दीड कोटीच होती. म्हणजे ‘अनाथ’ म्हटलेल्या बहुतेक मुलांना कुणीतरी आपलं असतं. पुढचे बरेच प्रश्न या गोष्टीपाशी येऊन थांबतात.

६. एका घरात कोण कोण असतं? ‘आई’ म्हणजे पगारी कर्मचारीच ना?

पगारी आहे, हो. पण तेवढ्यावरून तिला कर्मचारी म्हणून मोजू नका.

मूळ रचनेत एका घरात साधारण सोळा मुलं. मुलांची घरं वेगळी, मुलींची वेगळी. एकाच वर्षी आलेली मुलं एका घरात राहतात आणि चारही वर्षं तीच एकमेकांची भावंडं. घराचं नाव ती स्वतः ठरवतात. ज्याच्याकडून काही शिकावं असं वाटतं अशा एखाद्या थोर व्यक्तीचं नाव घराला दिलं जातं.

घरातल्या आईला ‘मामा’ म्हणतात. आपल्या कानाला आधी मामाच आठवतो, पण तिकडे मामा म्हणजे आई. सुरुवातीला आलेल्या कित्येक मामांनी १९९४ मध्ये स्वतःचा नवरा, स्वतःची लेकरं गमावलेली होती. आई नसलेली मुलं आणि मुलं नसलेल्या आया एका छपराखाली आल्या. बाई घरातच राहते. कोण गप्प आहे, कोण जेवलं नाही, कोणाच्या चपलेचा अंगठा तुटला आहे, हे तिला माहीत असतं. रविवारी बालगृहात मी पाहते, एखादं मूल गणित सोडवायला तयार होतं तेव्हा त्याआधी कुणीतरी त्याला “काय रे, आज असा का?” एवढं विचारलेलं असतं. हे विचारणारं माणूस रोज तेच असावं लागतं. पाळीनुसार बदलणाऱ्या काळजीवाहकांकडून हे होत नाही. त्या बिचाऱ्यांचा त्यात दोष नसतो.

मामाच्या जोडीला प्रत्येक घराला एक मोठा भाऊ किंवा मोठी ताई असते, म्हणजे रवांडातलेच तरुण समुपदेशक. शिवाय वर्षभरासाठी परदेशातून आलेला एक स्वयंसेवक असतो, त्याला ‘कझिन’ म्हणतात. आपण लगेच विचारू, चुलत की मावस? तर आजोळी सुट्टीत भेटणारं, थोडं मोठं, गोष्टी सांगणारं भावंड असतं ना, तसं ते नातं. घरचंच, पण पाहुण्यासारखं.

रोज रात्री जेवणानंतर घरातले सगळे एकत्र बसतात. याला ‘कुटुंबाचा वेळ’ म्हणतात आणि तो बुडवायचा नसतो. दिवसभरात काय झालं, कुणाचं कुणाशी बिनसलं, उद्या काय आहे. कधी गाणी, कधी नुसती शांतता. चार वर्षं रोज रात्री हे होत राहतं. या गावातली सगळ्यांत मोठी गोष्ट कुठली असं मला कुणी विचारलं, तर मी शाळेचं नाव घेणार नाही, या बैठकीचं घेईन.

७. मुलांचा दिवस कसा जातो?

विषुववृत्ताजवळ वर्षभर उजाडतं सहाच्या सुमारास आणि मावळतंही तसंच. उठून आधी घरकाम: झाडलोट, अंथरुणं, न्हाणीघराची सफाई. मग जेवणघरात नाश्ता आणि तिथून चढ चढून शाळेत. शाळा मुद्दामच गावाच्या सगळ्यांत उंच जागी बांधली आहे. वर पोचलं की दूरवरच्या टेकड्या दिसतात, आणि ज्याला दूरचं दिसतं तो दूर जातो, असं तिथं मानतात.

दुपारी पुस्तकाबाहेरचं शिक्षण: चित्रकला, संगीत, नाच, खेळ, शेती, संगणक. हे वेळ घालवायचे तास नव्हेत. ज्या मुलाला बोलता येत नाही ते ढोल वाजवतं, आणि तेही ऐकलं जातं. संध्याकाळी अभ्यास, जेवण, मग कुटुंबाचा वेळ (प्रश्न ६).

आठवड्याचे दोन ठरलेले प्रसंग मला फार आवडतात. शुक्रवारी संध्याकाळी सगळं गाव एकत्र जमतं. कुणी नाचतं, कुणी स्वतःची कविता म्हणतं, कुणी नाटुकलं करतं. आणि शनिवारी सकाळी ‘मुचाका मुचाका’: सगळ्यांनी मिळून गाणी म्हणत, एका ठेक्यात धावायचं. एकानं ओळ टाकायची, बाकीच्यांनी ती उचलायची. वारीत दिंडी चालताना पाहिलेल्यांना हा ठेका वेगळा समजावून सांगायला नको.

महिन्याच्या शेवटच्या शनिवारी साऱ्या रवांडात ‘उमुगांडा’ असतो, म्हणजे श्रमदान. त्या सकाळी देशभर माणसं रस्ते, गटारं, शाळांच्या भिंती यांच्या कामाला लागतात.

८. जेवायला काय मिळतं?

रवांडातलं रोजचं जेवण साधं असतं. सकाळी ‘इगिकोमा’, म्हणजे ज्वारी, मका, सोयाबीन अशा पिठांची पातळ गरम पेज. आपल्या आंबिलीची लांबची बहीण, फक्त आंबवलेली नसते. जेवणात घेवड्याच्या दाण्यांची उसळ जवळजवळ रोज, सोबत भात, रताळी, बटाटे, शिजवलेली कच्ची केळी किंवा ‘उबुगाली’, म्हणजे मक्याच्या नाहीतर कसाव्याच्या (ज्या कंदापासून साबुदाणा होतो त्याच्या) पिठाचा घट्ट गोळा. कसाव्याची पानं कुटून केलेली ‘इसोंबे’ नावाची भाजीही असते. मांस रोज नसतं.

पोटभर, वेळेवर आणि उद्याही मिळणार या खात्रीनं जेवणं: उपाशी राहिलेल्या मुलाला ही खात्री पटायला वेळ लागतो. आमच्या बालगृहात एक मुलगा कित्येक महिने उशीखाली पोळी लपवायचा. तिथल्या ताईंनी ती कधी काढून घेतली नाही. एक दिवस त्यानं ते आपणहून थांबवलं. मुलाची वाढ आपण उंची-वजनाच्या तक्त्यावर मोजतो, पण तशी नोंद त्या तक्त्यात कुठं करायची?

९. पहिलं वर्ष नेहमीचा अभ्यासक्रम नसतो असं वाचलं. एक वर्ष वाया जात नाही का?

पालकांकडून, विशेषतः शिक्षकांकडून हा प्रश्न हमखास येतो. नववीनंतर आलेलं मूल थेट दहावीत बसत नाही. आधीचं एक वर्ष तयारीचं असतं, मग पुढची तीन वर्षं बारावीपर्यंतचा सरकारी अभ्यासक्रम. म्हणून एकूण चार.

या वर्षाची गरज समजण्यासाठी दोन गोष्टी लक्षात घ्या. एक म्हणजे भाषा. २००८ मध्ये रवांडानं शिक्षणाचं माध्यम फ्रेंचवरून इंग्रजीवर नेलं. घरी किन्यारवांडा, प्राथमिक शाळेत फ्रेंच, आणि आता विज्ञान-गणित इंग्रजीत, अशी पहिल्या तुकडीतल्या मुलांची स्थिती होती. मराठी माध्यमातून दहावी करून अकरावी सायन्सच्या वर्गात बसलेल्या प्रत्येकाला तो पहिला महिना आठवत असेल. सगळं येत असूनही तोंड उघडत नाही. माध्यम आता रुळलं आहे, पण खेड्यातल्या गरीब शाळेतून आलेल्या मुलाचं इंग्रजी आजही कच्चंच असतं.

दुसरी गोष्ट म्हणजे विश्वास. ज्यानं गेली काही वर्षं कुणाच्या ना कुणाच्या दारात काढली, त्याला ‘आता हे तुझं घर’ असं सांगून ते पटत नाही. त्याला दिवस जाऊ द्यावे लागतात. भांडण झालं तरी हाकलून देत नाहीत, आजारी पडलं की उशाशी कुणी बसतं, नाव घेऊन हाक मारतात, हे अनुभवावं लागतं. त्यानंतरचा अभ्यास झपाट्यानं होतो. तेव्हा माझ्या मते वाया गेलेलं वर्ष हे नव्हे. आपल्याकडे मूल दाखल झाल्याच्या दुसऱ्या दिवशी वर्गात बसवतात आणि मग ते तीन वर्षं नापास होत राहतं, ती खरी वाया जातात.

१०. मनावरच्या जखमांवर काय उपाय करतात?

गावाचं काम दोन हिब्रू शब्दप्रयोगांवर उभं आहे. ‘तिक्कुन हालेव’ म्हणजे हृदयाची दुरुस्ती आणि ‘तिक्कुन ओलाम’ म्हणजे जगाची दुरुस्ती. क्रम महत्त्वाचा: आधी स्वतःचं मन सावरायचं, मग दुसऱ्यासाठी हात पुढं करायचा. समुपदेशक आहेतच, पण औषध मुख्यतः प्रश्न ६ आणि ७ मध्ये सांगितलेल्या रोजच्या जगण्यात आहे.

दुसरा भागही केवळ पुस्तकी नाही. थोडी रुळलेली मुलं आसपासच्या वस्त्यांत कामाला जातात: शाळेत लहानांना शिकवणं, म्हाताऱ्या माणसांची घरं नीट करणं, आरोग्य केंद्रात मदत. ज्याला आयुष्यभर ‘बिचारा’ म्हणून पाहिलं गेलं, त्याच्या हातून कुणाचं तरी छप्पर शाकारलं जातं. त्या संध्याकाळी परत येताना त्याची चाल वेगळी असणार, हे कुणीही ओळखेल.

एप्रिल महिना अवघड. ७ एप्रिलपासून देशभर ‘क्विबुका’, म्हणजे स्मरणाचा काळ सुरू होतो. सभा, साक्षी, मेणबत्त्या. या दिवसांत माणसं अचानक कोसळतात, ओरडतात, त्या क्षणात परत जातात. मनाच्या अशा अवस्थेसाठी किन्यारवांडात ‘इहाहामुका’ असा शब्द आहे. १९९४ नंतर जन्मलेल्या मुलांनाही हे होतं. तेव्हा प्रश्न विचारायचे नसतात, जवळ बसायचं असतं.

११. कोण हुतू, कोण तुत्सी हे मुलांना माहीत असतं का?

गावात तसं विचारलं जात नाही. देशातही नाही. बेल्जियमच्या राजवटीत, १९३० च्या दशकात, ओळखपत्रावर जमात लिहायला सुरुवात झाली आणि १९९४ मध्ये रस्त्यावरच्या नाक्यांवर तीच ओळखपत्रं पाहून माणसं मारली गेली. वंशसंहारानंतर तो रकाना काढून टाकला. कायदाही कडक आहे, इतका की त्यामुळं मोकळं बोलणं अवघड होतं अशी टीकाही होते.

आपल्याकडचा वाचक पुढं हमखास विचारतो, “पण आडनावावरून कळत असेल ना?” नाही कळत. रवांडात परंपरेनं कुटुंबाचं आडनाव नसतंच. जन्मल्यावर मुलाला त्याचं स्वतःचं किन्यारवांडा नाव मिळतं, त्याला अर्थ असतो, आणि सख्ख्या भावंडांची ती नावंही वेगवेगळी असतात. आडनाव ऐकल्यावर मनात लगेच हिशेब मांडणाऱ्या आपल्या समाजात मी ही गोष्ट आवर्जून सांगते.

१२. ज्यू लोकांनी सुरू केलं म्हणजे मुलांना ज्यू करतात का?

नाही. मुलं बहुतेक ख्रिस्ती, काही मुस्लिम, आणि तशीच राहतात. घेतला आहे तो मुलांना वाढवण्याचा अनुभव आणि प्रश्न १० मधले दोन शब्द.

१३. एवढा खर्च कोण करतं?

मुख्यतः देणग्या, सर्वांत जास्त अमेरिकेतून. सुरुवातीच्या काळात तिथली एक मोठी ज्यू मदतसंस्था पाठीशी होती. पण एक उत्पन्न वेगळं आहे. गावाच्या जमिनीवर २०१४ मध्ये ८.५ मेगावॉटचा सौर प्रकल्प उभा राहिला. २८,३६० पॅनेल, आणि वरून पाहिलं तर मांडणी आफ्रिका खंडाच्या आकाराची. त्या एका प्रकल्पानं देशाची तेव्हाची वीजनिर्मिती क्षमता सुमारे सहा टक्क्यांनी वाढली. प्रकल्प गावाचा नाही. जागा भाड्यानं दिली आहे आणि ते भाडं गावाला मिळतं. देणगीदाराचं मन बदललं तरी ऊन पडायचं थांबत नाही. आपल्याकडच्या संस्थांच्या विश्वस्तांनी यावर जरूर विचार करावा.

१४. सख्खी भावंडं एकत्र ठेवतात का? अगदी लहान मुलांचं काय?

इथं नाही. हे गाव मोठ्या मुलांचं, आणि घरं वयानुसार व मुलगा-मुलगी अशी वेगळी. ज्यांना भावंडं एकत्र हवीत त्यांनी दुसरे दोन नमुने पाहावेत.

पहिला एसओएस बालग्रामांचा. ऑस्ट्रियातल्या इम्स्ट इथं हर्मन ग्माइनर यांनी १९४९ मध्ये सुरू केलेली ही कल्पना आफ्रिकेतल्या बहुतेक देशांत पोचली आहे, रवांडातही. आई, भावंडं, घर आणि गाव हे तिचे चार खांब. लहान बाळंही येतात, आणि सख्खी भावंडं एकाच आईकडे वाढावीत हा आग्रह असतो. ही व्यवस्था निर्दोष आहे असं मात्र समजू नका. काही बालग्रामांत मुलांवर अत्याचार झाले आणि त्यांना संरक्षण देण्यात आपण कमी पडलो, अशी कबुली या संस्थेच्या आंतरराष्ट्रीय नेतृत्वानं २०२१ मध्ये जाहीरपणे दिली. आई कितीही प्रेमळ असो, मुलाला तक्रार करायला घराबाहेरचं माणूस हवंच.

दुसरा नमुना केनियातल्या किटुई भागातलं न्युम्बानी गाव. २००६ पासून. एड्सनं मधली पिढी नेली, मागं उरले म्हातारे आणि नातवंडं. तिथं एका घरात आजी किंवा आजोबा आणि दहाच्या आसपास मुलं असतात. काही सख्खी नातवंडं, काही मानलेली. घरांना लागून शेती. मुलांना आजी मिळते आणि आजीला म्हातारपणी माणसं मिळतात. मला विचाराल तर लहान मुलांसाठी हा नमुना सगळ्यांत जवळचा वाटतो, कारण आजीच्या हाताखाली वाढणं आपल्याही घरोघरी आहे.

१५. रवांडा सरकार तर अनाथाश्रम बंद करतंय. मग हे गाव कसं चालतं?

हा सगळ्यांत अवघड प्रश्न. २०१२ च्या पाहणीत रवांडात ३३ संस्थांमध्ये ३,३२३ मुलं आणि तरुण राहत होते. मुलांना कुटुंबातच वाढवायचं असं सरकारनं ठरवलं, मोहीम काढली, आणि संस्था एकेक करून बंद होत गेल्या. मुलं नातेवाइकांकडे किंवा पालकत्व घेणाऱ्या घरांत गेली. संयुक्त राष्ट्रांची २००९ ची मार्गदर्शक तत्त्वंही हेच सांगतात: संस्था हा शेवटचा उपाय, आणि गरिबी हे एकटं कारण मूल घरापासून तोडायला पुरेसं नाही. मला हे धोरण मनापासून पटतं.

मग अगाहोझो-शालोम? माझं उत्तर असं: इथं बाळं येत नाहीत, किशोरवयीन मुलं येतात, तीही ठरावीक चार वर्षांसाठी. रवांडात या वयाच्या मुलांनी निवासी शाळेत राहणं ही सर्रास पद्धत आहे. आणि मुलांचे जे कोणी नातलग आहेत त्यांच्याशी गाठ तुटू दिली जात नाही (प्रश्न १९). या तीन अटींपैकी एक जरी निसटली तर तेच गाव मोठा अनाथाश्रम होईल.

१६. इथलं मूल दत्तक घेता येईल का?

नाही. ही जवळजवळ सज्ञान मुलं आहेत आणि बहुतेकांना नातेवाईक आहेत. ज्यांना दत्तक घ्यायचं आहे त्यांनी भारतातल्या केंद्रीय दत्तक प्राधिकरणाच्या अधिकृत मार्गानंच जावं. मधले दलाल टाळावेत.

१७. आम्ही आफ्रिकेत फिरायला जाणार आहोत. वाटेत एखाद्या अनाथाश्रमाला भेट द्यावी म्हणतो. खाऊ आणि कपडे नेऊ का?

हेतू चांगला आहे हे मी जाणते, तरी नका जाऊ. तासाभराच्या भेटीत मुलं गळ्यात पडतात, आपण भारावतो, फोटो काढतो, निघून जातो. मुलाच्या खात्यात आणखी एक जाणारं माणूस जमा होतं. त्याहून वाईट म्हणजे पाहुण्यांसाठी मुलं गोळा करणाऱ्या संस्था जगात आहेत. घरून फूस लावून आणलेली मुलं ‘अनाथ’ म्हणून दाखवली जातात. ऑस्ट्रेलियानं २०१८ च्या आधुनिक गुलामगिरीविरोधी कायद्याच्या वेळी या प्रकाराची अधिकृत दखल घेतली. अगाहोझो-शालोममध्ये कझिन वर्षभर राहतात, त्यामागंही हेच कारण आहे.

आपल्याकडेही हे चालतंच. एका बालगृहात मी एकाच रविवारी तीन वाढदिवस पाहिले आहेत. तीन केक, तीन पाहुणे कुटुंबं, आणि मुलांना तीनदा तेच गाणं. वाढदिवस त्यांच्यापैकी कुणाचाच नव्हता.

१८. महाराष्ट्रात असं काही आहे का? आम्हाला इथंच मदत करायची आहे.

आहे. पुणे, लातूर आणि अलिबागला एसओएस बालग्रामं आहेत. लातूरचं ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर उभं राहिलं. पण प्रश्न १५ वाचून तुमचंही मत माझ्यासारखंच झालं असेल, तर आधी आसपास पाहा. वडील गेलेलं, आजीकडे किंवा मावशीकडे राहणारं मूल तुमच्या गल्लीतही असेल. राज्य सरकारच्या बालसंगोपन योजनेतून अशा मुलांसाठी दरमहा अनुदान मिळतं, आणि कागदपत्रं जमली नाहीत म्हणून कित्येक आज्या त्याला मुकतात. मृत्यूचा दाखला, रहिवासी दाखला, शाळेचा बोनाफाईड, बँकेचं खातं एवढं जमवून त्यांच्यासोबत जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात जा. दोन दिवस मोडतील. मूल घरी राहील.

१९. सुट्टीत ती मुलं कुठं जातात?

हा प्रश्न मोठ्यांपैकी कुणी विचारलेला नाही. रविवारच्या वर्गातल्या एका मुलीनं विचारला होता आणि तेव्हापासून दर काही महिन्यांनी कुणीतरी मूल तो विचारतंच. दिवाळी-मेच्या सुट्टीत बालगृह अर्धं रिकामं होतं आणि उरलेली मुलं फाटकाशी बसून असतात, म्हणून.

तर उत्तर: ती मुलं सत्र संपलं की आपापल्या गावी जातात. मावशीकडे, आजीकडे, थोरल्या भावाकडे, जे कुणी असेल त्यांच्याकडे. कुणाकडे जाण्यासारखी जागाच नसेल, तर त्याची सोय गाव पाहतं. नातेवाइकांच्या घरी पाणी भरतात, शेतात जातात, धाकट्यांचा अभ्यास घेतात, आणि सुट्टी संपली की पुन्हा रुबोनाचा चढ चढून आपल्या घरी येतात. घरात मामा असतेच.

मी हे सांगितलं तेव्हा त्या मुलीनं विचारलं, “म्हणजे त्यांना दोन घरं?” मी हो म्हटलं. तिनं वहीत ते लिहून घेतलं.